पालीचे पाहुणे

बोटीवरची नोकरी संपवून आमचे हे कायमचे घरी आले, त्यानंतर वर्षभर त्यांनी काहीही केलं नाही. पेपर वाचायचे, आमटीत मीठ कमी की जास्त ते सांगायचे आणि जेवण झालं की पडवीत आडवे व्हायचे. मग एके दिवशी ते पालीच्या नादी लागले. बाकीच्या बायकांचे नवरे निवृत्तीनंतर भजनाला जातात, पत्ते कुटतात, नाहीतर पतपेढीच्या निवडणुकीला उभे राहून पडतात. यातलं काहीही मला चाललं असतं. पाल हा प्राणी माणसाने हौसेने बघायला जायचा असतो, हे मला साठीपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

मी कोर्टात स्टेनो होते. समोरचा माणूस बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं, त्यावर आपलं मत द्यायचं नाही, हे माझं काम. मत द्यायची ती सगळी हौस घरी येऊन भागवायची, ही माझी सवय. तेव्हा पालीबद्दलचं माझं मत ह्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

झालं असं की आमच्या घरामागे सडा आहे. रत्नागिरीकडे सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचा जांभ्या दगडाचा सपाट कातळ. वर माती असलीच तर बोटभर. पावसाळ्यात तिथे चार महिने गवत आणि फुलं, आणि नंतर जिकडे बघाल तिकडे तापलेला काळा-तांबडा दगड. अर्धा आमचा, अर्धा आमच्या शेजाऱ्यांचा, आणि मध्ये एक गडगा, म्हणजे नुसते दगड रचून केलेली हद्दीची भिंत. त्या गडग्याचा एक भाग ढासळला होता. तो लावायला हे वर गेले. जवळच पडलेला एक सुटा दगड उचलला, तर त्याखाली फुरसं.

फुरसं म्हटलं की आमच्याकडे माणूस मागे सरतो आणि काठी शोधतो. विषारी साप, दिसायला वीतभर, आणि कातळावर दगडांखाली जागोजागी. हे पण मागे सरले. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं, तर फुरशाला चार पाय होते.

"पाय होते गं," घरी येऊन मला सांगत होते. हात अजून दगडाच्या धुळीने लाल. "आणि ती पळाली नाही. शेपटी वर करून हलवत हलवत चालत गेली, अशी..." आणि स्वयंपाकघराच्या मधोमध, जहाजाच्या इंजिनखोलीत आयुष्य काढलेला तो धिप्पाड माणूस मला पालीसारखा चालून दाखवायला लागला.

"म्हणजे पाल होती," मी म्हटलं.

"साधी पाल नव्हती."

"साधी नसलेली पाल मला दाखवू नका म्हणजे झालं."

पण पुढचं वर्षभर मला दुसरं काही ऐकायला मिळालं नाही. त्यांनी कॉलेजातल्या कोणा मास्तरांना फोटो पाठवला, फोनवर तासन्‌तास वाचलं, आणि त्या पालीची कुंडली गोळा केली. तिचं शास्त्रातलं नाव जिभेला गाठ पडेल असं. मराठीत धड नाव नाही, कारण मराठी माणसाने तिला कधी नीट बघितलंच नाही. दिसली की फुरशाचं पिल्लू म्हणून ठेचली. लांबी बोटाएवढी. अंगावर तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपक्यांच्या ओळी आणि त्यांना पांढऱ्या कडा, शेपटीवर कडी. लांबून बघितली तर फुरशाच्या अंगावरच्या नक्षीसारखीच. ती दिवसा सुट्या दगडाखाली बसते, अंधार पडला की बाहेर येऊन वाळवी, किडे, कोळी खाते. पापण्या नाहीत, म्हणून डोळ्यात धूळ गेली तर जिभेने डोळा चाटते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिला भिंतीवर चढता येत नाही. पालीच्या बोटांना खाली जे चिकटण्याचं साधन असतं, ते हिच्याकडे अगदीच बेताचं.

"पालीला जन्मात एकच गोष्ट येते," मी म्हटलं, "तीही हिला येत नाही. मग ती करते काय?"

"कातळावर राहते," हे म्हणाले. "साऱ्या जगात फक्त आपल्याकडच्या कातळांवर. रत्नागिरी, राजापूर, खाली सिंधुदुर्गाकडे. दुसरीकडे कुठेच नाही."

"बरंय, बाकीचं जग वाचलं."

ते हसायचे. मला राग यायचा तो त्याचाच. जगातल्या निम्म्या बंदरांचं पाणी प्यालेला हा माणूस, मला घेऊन कधी गणपतीपुळ्यापलीकडे गेला नाही. आणि आता रोज सकाळी चहा झाला की टोपी घालून, हातात लोखंडी आकडी घेऊन मागच्या सड्यावर जायचा. आकडी दगड उचलायला. हात घालायचा नाही, कारण त्याच दगडांखाली खरं फुरसंही असतं. हा नियम त्यांनी स्वतःच केलेला. दगड आकडीने आपल्या बाजूला उचलायचा, म्हणजे खालून काही निघालं तर पलीकडे जाईल. बघायचं, आणि जसा होता तसाच हळूच परत ठेवायचा. "त्या दगडाखाली थोडा ओलावा असतो," मला समजावायचे, "तो गेला तर तिचं घर गेलं."

"फुरशासारखी दिसते म्हणून तिला कोणी खात नाही," असंही एकदा म्हणाले.

"आणि फुरशासारखी दिसते म्हणून लोक तिला मारतात," मी म्हटलं. "असलं सोंग घेऊन फायदा काय झाला तिला?"

यावर त्यांनी टोपी घातली आणि सड्याकडे निघाले. मला बरं वाटलं.

पालीपेक्षा माझ्या डोक्यात गेले ते पालीचे पाहुणे. ह्यांनी कुठल्याशा व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकले आणि मुंबई-पुण्याहून फोन यायला लागले. आमच्या ह्यांना आयुष्यात कोणी 'सर' म्हटलं नव्हतं. आता म्हणायला लागले. हे हुरळले. कोणी आलं की स्वतः सड्यावर घेऊन जायचे, आणि मी खाली भाकऱ्या थापायच्या. आलेले लोक निसर्गावर फार प्रेम करणारे. आल्या आल्या विचारायचे, "काकू, चार्जिंगला पॉइंट कुठाय?" आंघोळीला गरम पाणी मागायचे, आणि बांगड्याचं तिखलं खाऊन 'ऑथेंटिक' म्हणायचे, जसं मी ते त्यांना फसवायला केलं असतं तर ते ओळखणार होते.

त्यांच्यातला एक दाढीवाला वारंवार यायचा. अंगात अनेक खिशांचं जाकीट, प्रत्येक खिशात काहीतरी. कॅमेरा एवढा मोठा की त्याला पाळण्यातल्या बाळासारखा दोन्ही हातांनी धरायचा. बोलायचा मात्र गोड. "काका म्हणजे या भागातले एक्स्पर्ट आहेत," असं मला ऐकवायचा. मी आयुष्यभर साक्षीदार ऐकलेत. शपथ घ्यायच्या आधीच जो गोड बोलतो तो पुढे काय करणार, हे मला कळतं. पण ह्यांना सांगून उपयोग नव्हता. ते एक्स्पर्ट होते.

दिवाळी होऊन थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. दाढीवाला आणखी दोघांना घेऊन आला, एक तरुण मुलगा आणि एक मुलगी. चौघं सकाळी सड्यावर गेले. मी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पापडांसाठी उडीद वाळत घालत होते. ऊन चढल्यावर ते खाली येताना दिसले, आणि मला चालण्यावरूनच कळलं. हे मध्ये, उजवा हात डाव्या हाताने धरलेला. दाढीवाला पुढे, भराभर. ती मुलगी ह्यांच्या शेजारून चालत होती आणि रडत होती.

"काकू, काकांना काहीतरी चावलंय," दाढीवाला म्हणाला.

"काहीतरी नाही. फुरसं," हे म्हणाले आणि पायरीवर बसले.

काय झालं ते मला नंतर कळलं, थोडं ह्यांच्याकडून, थोडं त्या मुलीकडून. पाल सापडली होती. दाढीवाल्याने फोटो काढले होते. पण त्याला ती दुसऱ्या दगडावर हवी होती, स्वच्छ दगडावर, तिरप्या उन्हात. पाल हलवली, ती सटकून शेजारच्या दगडाखाली शिरली. "काका, पटकन, लाइट जातोय," असं तो म्हणाला. आकडी लांब पडली होती. काकांनी हात घातला. वर्षभर लोकांना जे करू नका म्हणून सांगितलं, ते एक्स्पर्ट म्हणवून घेतलेल्या माणसाने पटकन केलं. त्या दगडाखाली पाल होती, आणि फुरसंही होतं.

मी हात झटकले. मग म्हटलं, "गाडी काढा. हॉस्पिटलला जायचंय."

दाढीवाल्याची मोठी गाडी आमच्या बेड्यासमोर, म्हणजे आडव्या काठ्यांच्या फाटकासमोर, उभी होती. तो फोन हातात घेऊन म्हणाला, "ॲम्ब्युलन्स बोलावलेली बरी ना? वाटेत काही झालं तर... आणि मला इथले रस्ते माहीत नाहीत, काकू." फोनला रेंज नव्हती. तो फोन वर धरून खळ्यात इकडून तिकडे फिरायला लागला. मुलगी त्याला म्हणाली, "अरे, चल ना, काकू रस्ता सांगतील." तो तरी फिरतच होता. आत्ता लिहिताना मी त्याच्याबद्दल न्यायाने बोलायचं म्हणते, तर तो घाबरला होता. पण घाबरलेली माणसंही मी पुष्कळ बघितलीत, आणि त्यांच्यातली सगळीच फोन घेऊन फिरत नाहीत.

तेवढ्यात खाली घरापर्यंत आलेल्या त्याच गडग्यावरून आमचे शेजारी वाकून बघायला लागले. हे शेजारी म्हणजे आंब्याचे बागायतदार. ह्यांच्याहून वयाने लहान, म्हणून मला वहिनी म्हणतात आणि मी त्यांना भावजी. त्यांच्याबद्दलही माझं मत फारसं चांगलं नव्हतं. आवाज मोठा, बोलणं सगळं पेटी आणि दलाल, फवारणी केली की वास आमच्या ताटात. सड्याला ते 'पड', म्हणजे पडीक जमीन, म्हणायचे आणि ह्यांच्या पालीला 'दादांची म्हैस'.

"काय झालं वहिनी?"

"फुरसं चावलं ह्यांना."

त्यांनी गडग्यावरून उडी मारली, त्यात आणखी दोन दगड पाडले, आणि ह्यांचा हात बघितला. बोट सुजून काळसर व्हायला लागलं होतं. "दादा, हात हलवायचा नाय. बांधायचं नाय, कापायचं नाय, काय करायचं नाय. बसा तसेच. मी गाडी आणतो." आणि पळाले. पेट्या वाहायच्या पिकअपमध्ये मागे गवत होतं तसंच. पुढे आम्ही तिघं चेपून बसलो, हे मध्ये. दाढीवाला म्हणाला, "आम्ही येतो मागून." ते मागून आले नाहीत.

वाटेभर भावजी हॉर्नवर हात ठेवून होते आणि रस्त्यात येईल त्याच्या घराण्याचा उद्धार करत होते. एरवी मी कान झाकले असते. ह्यांच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. ते रुमालाने पुसत होते आणि मला म्हणत होते, "तू घाबरू नको." मी म्हटलं, "मी घाबरत नाही, मला संताप आलाय." ते खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं.

सरकारी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी काचेच्या नळीत थोडं रक्त घेतलं आणि ती नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाल्या, फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, बघू गोठतंय का. मी, भावजी आणि हे स्वतः, तिघंही त्या नळीकडे बघत बसलो. मग बाईंनी नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं एका बाजूला वाहिलं. "लावा," असं त्या नर्सला म्हणाल्या, आणि सलाइनमधून विषावरचं औषध चालू झालं.

मला त्या नळीइतकं भयंकर दुसरं काही आठवत नाही. पुढच्या दिवसांत नळ्या परत परत भरल्या, आणि एकदाची एक अशी आली की तिरकी केली तरी रक्त जागचं हललं नाही. भावजी तेव्हा नेमके डबा घेऊन आले होते. वॉर्डात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "जमलं! दही जमलं!" नर्स त्यांना रागावली. मी नाही रागावले.

भेटायला खूप माणसं आली. आमच्या नात्यातल्या एक बाई कुठल्याशा बाबांनी मंतरलेला खडा घेऊन आल्या आणि तो जखमेवर लावा म्हणून हटून बसल्या. दुसरे एक गृहस्थ आले ते संगमेश्वराहून, खास. त्यांनी ह्यांच्या उशाशी बसून फुरसं चावून मेलेल्या ओळखीच्या माणसांची माहिती दिली, गाववार. मी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. त्या दाढीवाल्याचा मात्र मेसेज आला. "काका, लवकर बरे व्हा," पुढे फुलं, पुढे जोडलेले हात. आणि त्याच्या खाली: "काका, त्या स्पॉटचं एक्झॅक्ट लोकेशन पाठवू शकाल का? फोटोसोबत हवंय."

मी तो मेसेज ह्यांना मोठ्याने वाचून दाखवला, कोर्टात वाचून दाखवायचे तसा, स्वल्पविरामांसकट. ते डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "त्या दगडाच्या खालच्या अंगाला दुसरा एक होता गं. त्याखाली अंडी होती. दोन, खडीसाखरेच्या खड्यांएवढी. तो दगड त्यांनी परत ठेवला की नाही, ते मला आठवत नाही."

हातात सुई, हात कोपरापर्यंत भोपळ्यासारखा, आणि काळजी पालीच्या अंड्यांची. मी म्हटलं, "तुम्ही मेला असता तर मी लोकांना काय सांगणार होते? काय करताना गेले?"

"बघून येशील का?" हे म्हणाले.

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कपडे आणायला घरी गेले, तेव्हा गेले वर.

सड्यावर मी लग्न होऊन आल्या वर्षी गेले होते, त्यानंतर फारशी कधी नाही. आकडी तिथेच पडली होती. आणि आजूबाजूला दगड. आमच्या कातळावर उन्हापावसाने दगडाची वरची बाजू काळी पडते, त्यावर पांढरट-हिरवट बुरशी चढते. खालची बाजू तांबडी राहते. मी बघितलं तर सगळं रान तांबडं. जिथपर्यंत नजर जाईल तिथपर्यंत दगड उताणे पाडलेले. ह्यांनी एकेक दगड पाळण्यात मूल ठेवावं तसा ठेवला होता वर्षभर, आणि त्या तिघांनी, ह्यांची पाठ वळली की, एका सकाळीत ती सारी वस्ती उलथून टाकली होती. अंड्यांचा दगडही उताणा. अंडी होती. एक फुटून वाळलं होतं, दुसऱ्यात भोक पडून मुंग्यांची रांग लागली होती.

मला पालीबद्दल प्रेम वगैरे काही वाटलं नाही. खोटं कशाला लिहू? मला घृणा आली ती त्या उताण्या दगडांची. कोणी आपल्या घरी येऊन कपाटं, डबे, फडताळं उघडून बघावीत आणि एकाचंही झाकण न लावता निघून जावं, तसं वाटलं. आकडी घेतली, पदर खोचला आणि दगड सरळ करायला लागले. काळी बाजू वर, तांबडी खाली. एका दगडाखाली एक पाल होती. माझ्याकडे बघितलं. बुटकी, मळकट, डोळे मोठे आणि चेहऱ्यावर अक्कल म्हणून नाही. शेपटी वर करून डुलत डुलत निघाली, जणू तिची भीती वाटून मीच पळून जाणार होते. मी तिला म्हटलं, "जा बाई." मग गेली.

ह्यांना मी खरं तेच सांगितलं. अंडी गेली म्हणून. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. कालपर्यंत विष चढलं तरी हा माणूस मला धीर देत होता.

बोट वाचलं, पण शेवटच्या पेरातून वाकडं राहिलं. पुढचा पावसाळा गेला. दिवाळी झाली, आणि दाढीवाला पुन्हा उगवला. या वेळी मिनीबस. आत दहा-बारा माणसं, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्या टोप्या. त्याने म्हणे सहली काढायला सुरुवात केली होती. आमच्या सड्यावर पाल, मग आरे-वारेच्या किनाऱ्यावर सूर्यास्त, मग मासळीचं जेवण.

"काकू!" बेड्यातूनच ओरडला. "काका कसे आहेत आमचे?"

हे आत होते. मी बेड्याच्या काठ्या काढल्या नाहीत. "जिवंत आहेत," मी म्हटलं. "तुम्ही मागून येणार होतात, त्याला वर्ष झालं. वाट चुकलात का?"

त्याच्या मागची माणसं ऐकायला लागली. तो हसला. "काकू, त्या दिवशी आम्ही खरंच पॅनिक झालो होतो. पण काकांमुळेच ही पाल लोकांपर्यंत पोचतेय. अवेअरनेस होतोय."

"मागच्या वेळी तुमचा अवेअरनेस मी सरळ करत होते. दोन सकाळी लागल्या."

"म्हणजे?"

"दगड. उताणे टाकून गेलात ते. त्यातल्या एकाखाली अंडी होती."

"काकू," तो जरा वरच्या पट्टीत म्हणाला, "तुम्हाला कदाचित या प्राण्याचं महत्त्व माहीत नसेल. हा जगात फक्त..."

"कातळावर राहतो, भिंतीवर चढत नाही, वाळवी खातो, डोळा चाटतो," मी म्हटलं. "मला तो अजिबात आवडत नाही. पण आजवर मी त्याचं घर मोडलेलं नाही. तुमचं त्याच्यावर फार प्रेम आहे. आता निघा."

तोवर हे बाहेर आले होते. मला वाटलं, झालं. आता हा भोळा माणूस म्हणणार, असू दे गं, लांबून आलेत. दाढीवाल्यालाही तेच वाटलं असावं. "काका, बघा ना," असं तो म्हणाला. ह्यांनी सगळ्या टोप्यांकडे एकदा बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "सूर्यास्त चांगला दिसतो आरे-वारेला. उशीर करू नका." आणि परत आत गेले. सकाळचे दहा वाजले होते.

मिनीबस वळवायला जागा नव्हती, म्हणून तिला फाट्यापर्यंत उलटी जावं लागलं. मी ती दिसेनाशी होईपर्यंत उभी होते. त्या दिवशी जेवण फार चांगलं झालं.

असं वाटलं होतं की इथे हे संपलं. पण त्याच हिवाळ्यात गडग्यापलीकडे जेसीबी आला. भावजींनी त्यांच्या अर्ध्या सड्यावर कलमं लावायचं ठरवलं होतं. कातळ फोडून खड्डे पाडायचे, बाहेरून माती आणून भरायची, मध्ये पाण्याची टाकी. सुटे दगड सगळे गोळा करून कुंपणाला. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो दणदणाट. आणि पाली गडगा बघून राहत नाहीत. ह्यांनी बघितलेल्या बऱ्याचशा त्या अर्ध्यातच होत्या.

हे गडग्याशी जाऊन उभे राहायचे. मी म्हटलं, "जा, सांगा त्यांना."

"काय सांगू?" हे म्हणाले. "त्याची जमीन आहे. आणि त्याने त्या दिवशी उडी मारली नसती तर मी सांगायला असतो का?"

दाढीवाल्याला मी चार शब्द सुनावले होते, त्याने उलथलेले दगड मी सरळ करू शकले होते. हा कातळ फुटला की फुटला. भावजींनी कधी पालीवर प्रेम असल्याचं सोंग केलं नव्हतं, आणि तिचं सर्वांत जास्त नुकसान तेच करत होते, आणि त्यांच्याबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नव्हती. तुच्छतेची मला आयुष्यभर सवय. ती अशी अडकून बसेल असं वाटलं नव्हतं.

शेवटी मीच गेले. सांगायचं कसं ते मला कळेना, म्हणून सरळ म्हटलं, "भावजी, गडग्याच्या कडेची पट्टी फोडू नका. दगडही उचलू नका तिथले. तेवढं मागायला आले."

"पालीसाठी?"

"हो."

"वहिनी, तुम्ही?" ते हसायला लागले. ड्रायव्हरला हात करून मशीन बंद करायला लावलं, बहुतेक त्यालाही हे ऐकवायला. मग पट्टीकडे बघितलं, मनात खड्डे मोजले असावेत. "बरं. एक ओळ कलमांची जाईल माझी. जाऊ दे. दादांना सांगा, म्हैस बांधा तुमची तिथं."

पट्टी राहिली. पलीकडे आता कलमांची रोपं आहेत, नळ्या आहेत, आणि अलीकडे गडग्याला लागून काळ्या दगडांची एक चिंचोळी रेघ. हे म्हणतात, एवढ्याने काही होत नाही, मोठा सडाच लागतो. मी म्हणते, मग आमच्या बाजूचा आहे ना. तो आहे तोवर आहे.

परवा भावजी पाणी सोडायला आले होते. पट्टीवर हे आकडी घेऊन बसलेले बघून आले गडग्याजवळ. "इतकी वर्षं ऐकतोय, एकदा दाखवा तरी." ह्यांनी एक दगड आपल्या बाजूला उचलला. पाल होती. भावजींनी गुडघ्यावर हात ठेवून, वाकून, बराच वेळ बघितलं. ती शेपटी वर करून त्यांच्या चपलेच्या दिशेने निघाली. भावजी दोन पावलं मागे सरले.

"शी," ते म्हणाले, "एवढीशी?"

"एवढीच असते," हे म्हणाले.

"आणि हिच्यासाठी मी ओळ सोडली?"

"हो."

भावजी मान हलवत राहिले. मग मला हाक मारून म्हणाले, "वहिनी, चहा टाका." मी आधीच टाकला होता.